डिसेंबरअखेर दिल्लीला जाताना गोव्याच्या कुटुंबाने कोणते कपडे न्यावेत?

सोनचाफा (फोंडा)

नमस्कार. नाताळच्या सुट्टीत आम्ही चौघे दिल्लीला जाणार आहोत : मी, यजमान, ९ वर्षांचा मुलगा आणि ७१ वर्षांच्या सासूबाई. मोप्याहून रात्रीचे विमान आहे, त्यामुळे करोल बागेतल्या हॉटेलात पोहोचेपर्यंत मध्यरात्र उलटलेली असेल. लाल किल्ला, कुतुबमिनार, हुमायूनची कबर, राष्ट्रीय युद्धस्मारक, अक्षरधाम आणि बंगला साहिब गुरुद्वारा एवढे पाहण्याचा आणि मधला एक दिवस आग्र्याला देण्याचा विचार आहे. तिकिटे आणि खोल्या ठरल्या आहेत. अडले आहे ते कपड्यांपाशी.

आमच्या घरात थंडीचे कपडे म्हणावेत असे फारसे काही नाही. डिसेंबरात पहाटे पारा विसाच्या आसपास आला की आम्ही पंखा बंद करतो आणि सासूबाई शाल पांघरतात. मुलाचा एक पातळ स्वेटर आहे, यजमानांचा एक जुना लोकरी स्वेटर आहे, आणि पावसात स्कूटर चालवताना घालायची जॅकिटे मात्र सगळ्यांची आहेत. दिल्लीत रात्री तापमान सात-आठ अंशांपर्यंत उतरते असे वाचते, पण ती थंडी अंगाला कशी लागेल याचा अंदाज बांधता येत नाही. तिथल्या फोटोंत काही जण जाडजूड कोट घालून दिसतात, तर काही जण भर दुपारी नुसत्या स्वेटरवर दिसतात, त्यामुळे गोंधळ अधिकच वाढतो.

जाड कोट एकेकच घ्यावा की पातळ कपडे एकावर एक घालावेत, खरेदी इथे करावी की दिल्लीत पोहोचल्यावर, आणि विमानाच्या १५ किलोंच्या मर्यादेत हे सगळे कसे बसवावे, हे कृपया सांगावे. सासूबाईंची काळजी सर्वांत जास्त आहे. त्या पाचवारी साडीच नेसतात. सलवार-कमीज त्यांनी कधी घातलेला नाही आणि या वयात त्यांनी तो घालावा असा आग्रह मला धरायचा नाही. पायांत नेहमी चपला असतात, गुडघे दुखतात, आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे. ही सहल मुळात त्यांच्या इच्छेखातर ठरली आहे, म्हणून थंडीमुळे त्यांना खोलीत बसून राहावे लागू नये असे मनापासून वाटते.

पर्वरीकर

ताई, नोकरीच्या निमित्ताने माझी बरीच वर्षे दिल्लीत गेली, त्या आधारावर लिहितो.

एक गोष्ट आधी लक्षात घ्या, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे : दिल्लीत थंडी घराबाहेर असते तशीच ती घरातही असते. युरोप-अमेरिकेत इमारती आतून तापवलेल्या असतात, म्हणून तिथे एक भक्कम कोट पुरतो. तो दारात उतरवला की आत साध्या कपड्यांत वावरता येते. दिल्लीतली बहुतेक घरे, लहान हॉटेले, दुकाने आणि खानावळी अशा तापवलेल्या नसतात. त्या बांधल्या जातात मे-जूनच्या उन्हाळ्याचा विचार करून, म्हणजे जाड भिंती आणि फरशीची जमीन, आणि तीच फरशी डिसेंबरात दिवसभर गार राहते. त्यामुळे बसताना, जेवताना आणि झोपतानाही अंगावर ऊब हवी, आणि जाड कोट घालून या तिन्ही गोष्टी नीट करता येत नाहीत. तुम्ही विचारलेल्या दोन पर्यायांपैकी माझे मत निःसंशय पातळ कपड्यांच्या थरांच्या बाजूने आहे.

आता आकड्यांकडे वळू. डिसेंबरअखेर आणि जानेवारीच्या आरंभी दिल्लीचे किमान तापमान साधारण ७-८ अंश आणि कमाल २० अंशांच्या आसपास असते. पण सरासरीवर विसंबून राहू नये. ३० डिसेंबर २०१९ रोजी सफदरजंग वेधशाळेत दिवसाचे कमाल तापमान केवळ ९.४ अंश नोंदले गेले होते, आणि १ जानेवारी २०२१ च्या पहाटे पारा १.१ अंशापर्यंत उतरला होता. मैदानी भागात किमान तापमान ४ अंश किंवा त्याहून खाली गेले की हवामान विभाग थंडीची लाट जाहीर करतो, आणि तुम्ही जाणार त्या आठवड्यात अशी लाट येणे मुळीच अशक्य नाही. उलट आकाश निरभ्र असेल तर दुपारी बारा ते तीन या वेळात उन्हात स्वेटरही नकोसा होतो. तुम्हाला फोटोंत दोन्ही प्रकारची माणसे दिसली ती यामुळेच. दिल्लीत दुपार आणि रात्र यांत दहा-बारा अंशांचा फरक पडतो आणि ऊन उतरले की गारठा झपाट्याने वाढतो. गोव्यात सूर्यास्त सहानंतर होतो, दिल्लीत त्या दिवसांत तो साडेपाचच्या सुमारास होतो, हेही धरून चाला.

थरांचे तत्त्व असे आहे की ऊब कापडापेक्षा कापडांच्या मध्ये अडकलेल्या हवेमुळे टिकते. अंगाला लागून इनर, म्हणजे अंगाबरोबर बसणारा पूर्ण बाह्यांचा थर्मल बनियन आणि त्याच कापडाची विजार. त्यावर नेहमीचा शर्ट किंवा कुर्ता, त्यावर लोकरी स्वेटर किंवा फ्लीसचे जॅकीट, आणि सर्वांत वर वारा अडवणारे काहीतरी. हा शेवटचा थर तुमच्या घरात आधीच आहे. पावसात स्कूटरवर घालता ती जॅकिटे वारा आत येऊ देत नाहीत, त्यामुळे स्वेटरवर ती चढवली की सकाळच्या रिक्षात किंवा रात्री रस्त्याने चालताना जाड कोटाची उणीव भासत नाही. त्यांतून हवा खेळत नसल्यामुळे मेट्रोत किंवा गर्दीत शिरल्यावर मात्र ती लगेच काढावीत, नाही तर आत घाम साचतो आणि बाहेर आल्यावर तोच घाम अंग गार करतो. याच कारणाने जाड सुती बनियनवर भिस्त ठेवू नका; सुती कापड घाम शोषून ओलेच राहते. लोकर पुष्कळ ओलावा धरूनही ऊब देत राहते.

इनर घट्ट बसावा, पण आवळू नये. प्रत्येकी दोन जोड घ्या, कारण धुक्याच्या दिवसांत धुतलेले कपडे दिल्लीत दोन-दोन दिवस वाळत नाहीत. जाण्याआधी एका रात्री घरातला एसी १८ अंशांवर ठेवून, इनर घालून झोपून पाहा. कापड टोचते का, मानेपाशी खाज येते का, हे इथेच कळेल आणि बदलून घ्यायला वेळही मिळेल.

इनर, लोकरी मोजे आणि बूट या तीन गोष्टी गोव्यातूनच घ्या, कारण दिल्लीतल्या पहिल्याच रात्री त्या लागणार आहेत आणि मापाच्या बाबतीत त्यांत चूक चालत नाही. बूट घेताना जाड मोजे घालूनच माप पाहा. बोटांना हलायला जागा नसली तर जाड मोज्यांचा उपयोग होत नाही आणि पाऊल अधिकच गारठते. स्वेटर, शाली, मफलर, हातमोजे आणि कानटोप्या मात्र दिल्लीत घ्याव्यात असे मला वाटते. गोव्यात निवड थोडी आणि किंमत जास्त. दिल्लीत लुधियानाचा माल ढिगाने येतो. तुमच्या मुक्कामाजवळ करोल बागेचाच मोठा बाजार आहे, शिवाय लाजपतनगर आणि सरोजिनीनगर आहे, पण हे तिन्ही बाजार सोमवारी बंद असतात हे पाहून दिवस ठरवा. मुलाला स्वेटर एक माप मोठा घ्या. आत दोन थर घातल्यावर नेमक्या मापाचा स्वेटर काखेत आवळतो आणि मग मूल तो अंगावर ठेवत नाही.

हॉटेलला आत्ताच फोन करून खोलीत हीटर मिळेल का, त्याचे वेगळे पैसे आहेत का, जादा रजई देतील का आणि गरम पाणी दिवसभर असते की ठरावीक वेळीच, हे विचारा. करोल बागेत यांपैकी प्रत्येक बाबतीत हॉटेलागणिक फरक आढळतो. हीटर लावून झोपायचे असेल तर तो विजेचाच असावा, खिडकी बोटभर उघडी ठेवावी, आणि कोळशाची शेगडी कोणी आणून दिली तरी ती बंद खोलीत कदापि ठेवू नये. तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो, त्याला वास नसतो, आणि उत्तर भारतात दर हिवाळ्यात त्याने माणसे झोपेतच दगावतात.

एक छोटी पण गोव्याच्या माणसाला हमखास अडणारी बाब. खोबरेल तेल २४ अंशांच्या खाली गोठते, म्हणजे दिल्लीत ते सदैव घट्टच असणार. निमुळत्या तोंडाच्या बाटलीतून ते निघत नाही. सासूबाईंना रोज डोक्याला तेल लागत असेल तर ते रुंद तोंडाच्या डबीत भरून न्या.

म्हादईकाठ (वाळपई)

पर्वरीकरांनी सांगितलेले सगळे पटते, म्हणून त्यात न शिरता फक्त सासूबाईंविषयी लिहिते. मी परिचारिका म्हणून काम केले आहे आणि माझ्या आईला तिच्या उतारवयात, थंडीच्या दिवसांत, उत्तरेकडे घेऊनही गेले आहे.

साडी बदलायची मुळीच गरज नाही. उत्तर भारतातल्या कितीतरी स्त्रिया पूर्ण हिवाळा साडीतच काढतात आणि त्यांच्यासाठी बाजारात वेगळे कपडे मिळतात. पूर्ण बाह्यांचे विणलेले लोकरी ब्लाउज दिल्लीत सर्रास मिळतात. ते मिळेपर्यंत पूर्ण बाह्यांचा, बंद गळ्याचा लोकरी टीशर्ट ब्लाउजच्या जागी चालतो. परकराच्या आत लोकरी लेगिंग किंवा थर्मलची विजार घालावी, तिची नाडी किंवा इलॅस्टिक पोटावर आवळणार नाही एवढे पाहावे, आणि परकर जरा जाड कापडाचा शिवून घ्यावा. साडी सुती किंवा जाडसर रेशमी असावी. नायलॉन किंवा पॉलिस्टरची साडी कोरड्या हवेत लोकरीशी घासून अंगाला चिकटते आणि चालताना पायांत येते, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे धोक्याचे आहे. साडी नेहमीपेक्षा बोटभर वर नेसवा, म्हणजे बूट घातल्यावर निऱ्या टाचेखाली येणार नाहीत. वर पुढून बटणांचा लोकरी स्वेटर घ्यावा. डोक्यातून घालायचा स्वेटर खांदे आखडलेल्या वयात घालता-काढता येत नाही आणि मग गरम होऊ लागले तरी माणूस तो तसाच ठेवतो. त्यावर शाल, आणि ती पाठीमागून पुढे आणून खांद्यापाशी पिनेने अडकवलेली, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात आणि पायऱ्या उतरताना कठड्याला धरता येते.

पायांत मागे पट्टा असलेले किंवा पूर्ण बंद, मऊ, न घसरणाऱ्या तळव्याचे बूट हवेत, आणि त्यांची सवय आजपासून व्हायला हवी. रोज संध्याकाळी देवळापर्यंत ते घालून जाऊ दे. नवे बूट थेट लाल किल्ल्याच्या फरसबंदीवर घालायला देऊ नका. चपलांशिवाय चालणारच नसेल तर अंगठा वेगळा असलेले लोकरी मोजे मिळतात, ते घालून चप्पल नीट बसते. दुपारसाठी हा मार्ग ठीक आहे, सकाळ-संध्याकाळी मात्र बंद बूटच हवेत.

रक्तदाबाबद्दल थोडे स्पष्ट लिहिते. थंडीत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि त्यामुळे रक्तदाब वाढतो. पहाटेच्या वेळी हे अधिक जाणवते. निघण्यापूर्वी एकदा डॉक्टरांना भेटून गोळीची मात्रा तीच ठेवायची का ते विचारा, गोळ्या मुक्कामाला पुरून उरतील एवढ्या घ्या आणि त्या हातातल्या पिशवीत ठेवा. पहाटे उठून लगेच स्नान नको. ऊन आल्यावर, गरम पाण्याने, आणि स्नानानंतर केस पूर्ण कोरडे झाल्याशिवाय बाहेर पडणे नको. थंडीत तहान लागत नाही म्हणून वृद्ध माणसे पाणीच पीत नाहीत, शिवाय बाहेर शौचालय मिळेल की नाही या भीतीने ती मुद्दाम कमी पितात. एका लहान थर्मासमध्ये कोमट पाणी बरोबर ठेवून ते वरचेवर द्यावे आणि शौचालयाची सोय कुठे आहे ते तुम्ही आधी पाहून ठेवावे. गुडघ्यांसाठी रबराची शेकपिशवी न्या. रिकामी असताना तिचे वजन काहीच नसते. रात्री ती फडक्यात गुंडाळूनच द्या, कारण वयामुळे त्वचेला चटका चटकन जाणवत नाही. झोपताना डोक्याला कानटोपी आणि पायांत सैल मोजे असावेत.

ओठ आणि टाचा फुटण्यावर पेट्रोलियम जेली चांगलीच, पण आपल्याकडचे कोकमाच्या बियांचे घट्ट तेल घरात असेल तर तेही घ्या. टाचांसाठी माझा भर त्याच्यावरच आहे.

सोनचाफा (फोंडा)

तुम्हा दोघांचे किती आभार मानू. साडीचा प्रश्न इतक्या सहज सुटेल असे वाटले नव्हते. सासूबाईंना सगळे वाचून दाखवले, आणि बुटांची खरेदी त्यांनी स्वतःच उद्यावर ठरवली आहे. पावसाळी जॅकिटे कपाटातून काढून धुतली.

अजून तीन गोष्टी विचारायच्या राहिल्या. गुरुद्वाऱ्यात आणि ताजमहालात पादत्राणे काढल्यावर पायांचे काय करावे? धुक्यामुळे विमान उशिरा पोहोचले किंवा दुसरीकडे वळवले तर त्या दृष्टीने काय बरोबर असावे? आणि दिल्लीच्या प्रदूषित हवेसाठी मास्क न्यावेत का, कारण मुलाला सर्दीचा त्रास लवकर होतो?

साळकाठ (मडगाव)

व्यवसायामुळे माझे हिवाळ्यात दिल्लीला वरचेवर जाणे होते, म्हणून या तिन्ही प्रश्नांना उत्तर देतो.

बंगला साहिबमध्ये बूट आणि मोजे दोन्ही बाहेर ठेवावे लागतात आणि प्रवेशाच्या जागी उथळ पाण्यातून पाय धुऊन आत जायचे असते. पुढे सगळे संगमरवर आहे. सकाळी सातला ते पाणी आणि ती फरशी आपल्यासारख्यांना सोसवत नाही, म्हणून गुरुद्वाऱ्यात दुपारी बारानंतर जा. पिशवीत एक लहान पंचा आणि कोरड्या मोज्यांचा जादा जोड ठेवा. बाहेर आल्यावर पाय, विशेषतः बोटांच्या बेचक्या, पुसून मगच मोजे घाला. डोके झाकणे स्त्री-पुरुष सर्वांना बंधनकारक आहे. तिथे रुमाल मिळतात, पण सासूबाईंचा पदर आणि तुमची ओढणी पुरेशी आहे. ताजमहालात मुख्य समाधीच्या चौथऱ्यावर जाताना पादत्राणे काढावी लागतात किंवा त्यांवर आवरण चढवावे लागते. आवरण घ्यावे, म्हणजे पाय उघडे पडत नाहीत.

ताज शुक्रवारी बंद असतो हे तुम्ही पाहिलेच असेल. लाल किल्ला आणि अक्षरधाम सोमवारी बंद असतात. सूर्योदयाच्या वेळचा ताज पाहावा असे सगळे सांगतात, पण डिसेंबरअखेर त्या वेळी धुक्यात काही पावलांवरचा घुमटही दिसत नाही आणि यमुनेकडून येणारा गारठा हाडांत शिरतो. साडेअकरा-बारानंतर धुके विरल्यावर जा. आग्र्याला भाड्याच्या गाडीने पहाटे निघण्याचा बेत असेल तर तो कृपया सोडा. यमुना द्रुतगती मार्गावर धुक्यात मोठे अपघात झालेले आहेत आणि त्यामुळेच तिथे हिवाळ्यात वेगमर्यादा कमी केली जाते. हजरत निजामुद्दीन स्थानकावरून सकाळी आठच्या सुमारास सुटणारी गतिमान एक्स्प्रेस बरी. ती शुक्रवार सोडून रोज असते. दाट धुक्यात तिलाही उशीर होतो, पण वाट पाहायची ती निदान डब्यात बसून.

विमानाविषयी. दिल्लीच्या धावपट्ट्यांवर कमी दृश्यमानतेत विमान उतरवण्याची यंत्रणा आहे, परंतु विमान आणि वैमानिक हे दोघेही त्यासाठी पात्र असावे लागतात, आणि उड्डाणासाठी लागणारी दृश्यमानता उतरण्यासाठी लागते त्याहून जास्त असते. म्हणून मध्यरात्रीपासून सकाळी दहापर्यंतची विमाने सर्वांत जास्त रखडतात. तुमचे विमान जयपूर, लखनौ किंवा अहमदाबादला वळवले जाऊ शकते आणि तेवढा वेळ मोठी बॅग तुमच्या हाती नसते. या कारणासाठी मी पर्वरीकरांपेक्षा थोडे वेगळे सांगेन : स्वेटर दिल्लीत घ्यायचे ठरले तरी प्रत्येकाचा एक गरम कपडा, कानटोपी आणि मोजे हातातल्या पिशवीत असलेच पाहिजेत, आणि सासूबाईंचा लोकरी स्वेटर तर गोव्यातूनच घेऊन जावा. पहिल्या रात्री विमानतळाबाहेर टॅक्सीसाठी उभे राहताना बाजार उघडा नसतो. हातातल्या सामानाला बहुतेक विमान कंपन्यांची मर्यादा ७ किलो असते. मोप्याला तीस अंशांत जॅकीट घालून घामाघूम होण्यापेक्षा ते हातावर टाका आणि विमान उतरायला लागले की चढवा. इनर मात्र घरून घालून निघू नका. विमानतळावरच्या किंवा विमानातल्या शौचालयात ते चढवणे सासूबाईंना जमणार नाही, म्हणून त्यांच्यासाठी त्या रात्री साडीखाली लेगिंग आणि वर स्वेटर-शाल एवढेच पुरे.

तुमची सगळ्यांची मिळून मोठी बॅग भरताना एक करा. प्रत्येकाचे कपडे वेगळ्या बॅगेत न ठेवता प्रत्येक बॅगेत चौघांचा एकेक जोड ठेवा. एखादी बॅग मागे राहिली तरी कोणी एक जण उघडा पडत नाही. जाड विजारी प्रत्येकी दोनच घ्या, वरचे शर्ट रोज बदला. स्वेटर आणि जॅकीट रोज तेच चालतात. या हिशेबाने १५ किलो भरतच नाहीत आणि येताना रजई किंवा शाली आणायला जागा राहते.

मास्क न्याच, आणि ते एन-९५ प्रकारचे असू द्या. थंडीत जमिनीलगतची गार हवा वरच्या उबदार हवेखाली अडकते, वाराही पडलेला असतो, त्यामुळे धूर आणि सूक्ष्म कण वर न जाता खालीच साचून राहतात. कापडी मास्क हे सूक्ष्म कण अडवत नाही. मुलासाठी त्याच्या मापाचा मास्क घ्या, कारण मोठ्यांचा मास्क गालांपाशी उघडा राहतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ अ‍ॅपवर रोजचा निर्देशांक पाहता येतो. तो ३०० च्या वर गेला की हवा ‘अतिशय वाईट’ आणि ४०० च्या वर ‘गंभीर’ गणली जाते. गंभीर असेल त्या दिवशी मुलाला आणि सासूबाईंना सकाळी बाहेर नेऊ नका. राष्ट्रीय संग्रहालयासारखे बंदिस्त ठिकाण निवडा, तेही सोमवार टाळून. मुलाला दम्याची औषधे कधी दिली गेली असतील तर ती बरोबर असावीत.

पर्वरीकर

साळकाठ यांची पहिल्या रात्रीबद्दलची सूचना योग्य आहे; सासूबाईंचा स्वेटर इथूनच घ्यावा.

अक्षरधामबद्दल एक सांगायचे राहिले. तिथे मोबाइल, कॅमेरा आणि पिशव्या आत नेऊ देत नाहीत. सगळे प्रवेशापाशी जमा करावे लागते. तुम्ही दुपारी आत जाल तेव्हा ऊन असेल, आणि संध्याकाळचा पाण्याचा आणि प्रकाशाचा खेळ पाहून बाहेर पडाल तेव्हा पूर्ण अंधार आणि गारठा असेल. हा खेळ उघड्यावर, दगडी पायऱ्यांवर बसून पाहायचा असतो. दुपारी उकडते म्हणून स्वेटर आणि कानटोप्या पिशवीत घालून ती जमा केली, तर नेमक्या गरजेच्या वेळी त्या हाताशी नसतात. म्हणून त्या दिवशी कपडे असे घाला की सगळे थर अंगावर किंवा कमरेला बांधून आत नेता येतील. कानटोपी, हातमोजे आणि सासूबाईंची गोळी मावेल एवढे खोल खिसे जॅकिटाला असावेत, आणि बसताना पायरीवर घालायला एक जाड शाल घडी करून यजमानांच्या खांद्यावर असू द्या. जमा केलेले सामान परत घेण्याची रांग रात्री लांब असते. तिथे मुलाला आणि सासूबाईंना उभे न करता, तुमच्यापैकी एकाने रांगेत थांबावे आणि दुसऱ्याने त्यांना आतल्या उपाहारगृहात गरम काहीतरी घेऊन बसवावे. फोन नसल्यामुळे भेटण्याची जागा आत जातानाच ठरवून ठेवा.